हाड मोडले का, हा दुसरा प्रश्न

नवी मुंबईतील रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यातील कारखान्यांत आणि ठाण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांत प्रथमोपचाराचे वर्ग घेताना मला पहिला प्रश्न बहुधा हाच विचारला जातो: हाड मोडले आहे की नुसता मुका मार आहे, हे जागेवर कसे ओळखावे? प्रश्न स्वाभाविक आहे. पण पुष्कळदा त्याचे खात्रीचे उत्तर एक्स-रे काढल्याखेरीज डॉक्टरांनाही देता येत नाही, आणि मदतीला धावलेल्या माणसाला त्या उत्तराची गरजही नसते. मोडले आहे असे धरून चाललो आणि पुढे ते नुसते मुरगळलेले निघाले, तर काहीही बिघडत नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. जखमेतून रक्त बाहेर जात आहे का? आणि जखमेच्या पलीकडे, हाताच्या किंवा पायाच्या बोटांपर्यंत, रक्त पोहोचते आहे का? हातापायाच्या दुखापतीत जीव जातो तो मुख्यतः पहिल्या कारणाने, आणि जीव वाचूनही हात किंवा पाय गमवावा लागतो तो पुष्कळदा दुसऱ्या कारणाने. पुढे जे सांगणार आहे, त्यातील जवळजवळ सगळे या दोन प्रश्नांतूनच निघते.

आधी थोडी रचना समजून घेऊ. हाताच्या किंवा पायाच्या मध्यभागी हाड असते, त्याच्याभोवती स्नायूंचे गट असतात, आणि हे गट चिवट पडद्यांनी बनलेल्या कप्प्यांत घट्ट बसलेले असतात. मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू याच दाटीतून पुढे जातात; कोपर आणि गुडघा या ठिकाणी तर ते हाडाला अगदी खेटून जातात. म्हणूनच मोडलेल्या हाडाचे टोक थोडेसे सरकले, किंवा कोणी ते ‘सरळ करून’ पाहिले, तर हाडापेक्षा मोठे नुकसान शेजारच्या रक्तवाहिनीचे होऊ शकते. रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर त्वचा बराच वेळ तग धरते, स्नायू मात्र साधारण सहा तासांत कायमचे मरू लागतात. हे सहा तास अपघाताच्या क्षणापासून मोजायचे असतात, आणि त्यातले दोन-तीन तास घोडबंदर रस्त्यावर आणि केसपेपर काढण्याच्या रांगेत सहज निघून जातात.

आता रक्तस्रावाकडे येऊ, कारण तेथे वेळ मिनिटांत मोजावी लागते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील दीड-दोन लिटर वेगाने गेले तर जीव धोक्यात येतो, आणि मांडीतील किंवा दंडातील मोठी धमनी तुटली असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत थांबण्याइतका वेळही हाताशी नसतो. रक्त उसळ्या मारत येत असेल, जमिनीवर थारोळे साचत असेल, कपडा भिजून निथळत असेल, किंवा जखमी माणूस फिकट पडून, घामाने थंडगार होऊन असंबद्ध बोलू लागला असेल, तर हा मोठा रक्तस्राव समजावा आणि बाकी सारे बाजूला ठेवून आधी तो थांबवावा. फोन दुसऱ्या कोणाला तरी नेमून, शक्यतो नाव घेऊन, करायला सांगावा. ‘कोणीतरी फोन करा’ असे गर्दीत ओरडल्यावर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केला असेल.

जखमीपर्यंत जाण्याआधी स्वतःचा जीव सांभाळावा, हे सांगावे लागते याचे कारण माणूस कळवळून धावतो तेव्हा त्याला याचेच भान राहत नाही. कारखान्यात मशीनचा मेन स्विच बंद झाला आहे याची खात्री झाल्याशिवाय अडकलेल्या हाताला हात लावू नये, आणि हात सोडवण्यासाठी मशीन उलटी फिरवून पाहू नये. ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा सायन-पनवेल महामार्गावर एखादी गाडी मागच्या बाजूला, दिवे लुकलुकत, आडवी उभी करावी, मग खाली बसावे.

रक्त थांबवण्याचा पहिला मार्ग साधा आहे: जेथून रक्त येते नेमके तेथे दाबणे. कपडा कापून किंवा वर करून जखम नीट पाहावी, स्वच्छ रुमाल, पंचा किंवा गॉज थेट त्या जागेवर ठेवावा, आणि हाताचे कोपर ताठ ठेवून, तळहाताच्या टाचेने, शरीराचे वजन टाकून दाबावे. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी. जखम खोल असेल तर कापड आत ठासून भरावे आणि मग वरून दाब द्यावा. हे करताना जखमी ओरडतो, तरी थांबू नये. किमान दहा मिनिटे दाब हलवायचा नाही. दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबले का’ असे पाहणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, कारण धरू लागलेली गुठळी त्या पाहण्यातच निघून येते. दुसरी चूक म्हणजे एकावर एक कापडे गुंडाळत राहणे. गठ्ठा वाढतो, दिसायला मोठे बँडेज होते, पण दाब मात्र पसरून जातो आणि खाली रक्त वाहतच राहते. काच, सळई किंवा लाकूड आत रुतले असेल तर ते उपसू नये. त्याच वस्तूने कदाचित तुटलेली रक्तवाहिनी बुजवून ठेवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबावे आणि ती हलणार नाही अशी कापडाची वळी सभोवती ठेवावी. हळद, कॉफीची पूड, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही मोठ्या जखमेत भरू नये. त्यांनी धमनीचे रक्त थांबत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो चिखल धुऊन काढण्यात वेळ जातो.

दाबूनही रक्त थांबत नसेल, हात किंवा पाय तुटून वेगळा झाला असेल, किंवा जखमी अनेक आणि मदतनीस एकच असेल, तर टूर्निके बांधावे. टूर्निके किंवा आवळपट्टा म्हणजे हाताला किंवा पायाला जखमेच्या वर इतका घट्ट आवळलेला पट्टा, की पलीकडचा रक्तप्रवाह पूर्ण थांबावा. पूर्वी याची फार भीती घातली जात असे, आणि ‘बांधले की पाय कापावाच लागतो’ हा समज अजूनही मला प्रत्येक वर्गात भेटतो. अनुभव असा आहे की साधारण दोन तासांच्या आत रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाच्या हातापायाला योग्य रीतीने बांधलेल्या टूर्निकेमुळे सहसा कायमची इजा होत नाही. पट्टा जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, हृदयाच्या बाजूला बांधावा. गुडघ्यावर किंवा कोपरावर बांधू नये. तयार टूर्निके नसेल तर किमान चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी, म्हणजे घडी घातलेली ओढणी किंवा पंचा, घ्यावी. दोन वेढे देऊन गाठ मारावी, गाठीवर पाना किंवा स्क्रूड्रायव्हरसारखी मजबूत दांडी ठेवून दुसरी गाठ मारावी आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळत न्यावी. मग दांडी उलटी फिरू नये म्हणून तिचे टोक बांधून टाकावे. दोरी, वायर किंवा बुटाची नाडी वापरू नये, कारण बारीक वस्तू कातडीत आणि मज्जातंतूंत रुतते. अर्धवट आवळणे सर्वांत वाईट: शिरांतून परतणारे रक्त अडते, धमनीतून येणारे चालूच राहते, आणि रक्तस्राव उलट वाढतो. बांधल्याची वेळ कातडीवर पेनाने ठळक लिहावी, पट्टा चादरीखाली झाकू नये, आणि ‘थोडे रक्त जाऊ द्यावे’ म्हणून मधून मधून सैल करू नये. तो सोडण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिकच्या डोंगरालगत राहणाऱ्यांना साप चावण्याचा धोका खरा आहे, आणि तेथे लोक याच पद्धतीने पाय आवळून बांधतात. सर्पदंशात असे आवळणे घातक ठरते. तेथे पाय केवळ स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. आवळपट्टा फक्त वाहत्या रक्तासाठी आहे.

सगळे रक्त बाहेरच दिसते असे नाही. मांडीचे हाड मोडले की त्वचेवर ओरखडाही नसताना मांडीच्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. दुचाकीवरून पडलेला तरुण शुद्धीवर आहे, बोलतो आहे, जखम दिसत नाही, फक्त मांडी फुगलेली आणि पाय आखूड दिसतो आहे, तर तो गंभीर रुग्ण आहे. त्याला रिक्षात दुमडून बसवून नेणे म्हणजे मोडलेली टोके प्रत्येक खड्ड्यागणिक स्नायूंत घुसवणे आहे. मांडीचे हाड मोडलेले सैनिक पहिल्या महायुद्धाच्या आरंभी मोठ्या संख्येने दगावत. हाडांचे वेल्श डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस यांनी आधीच आखून ठेवलेली लोखंडी कड्याची स्प्लिंट, म्हणजे आधाराची चौकट, जखमीला हलवण्यापूर्वी, रणभूमीजवळच पायाला लावण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा हे मृत्यू लक्षणीय घटले. तीच थॉमस स्प्लिंट आजही आपल्या सरकारी रुग्णालयांच्या हाडांच्या वॉर्डांत पाहायला मिळते. मोडलेला भाग हलला नाही की रक्तस्राव कमी होतो आणि वेदनाही कमी होतात. आधाराचे सारे महत्त्व एवढ्यात आहे.

हा आधार देण्याचा नियम असा की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर झाले पाहिजेत. मनगटाजवळ मोडले असेल तर फळी बोटांच्या मुळापासून कोपरापलीकडे जायला हवी. फळी म्हणजे घडी घातलेले वर्तमानपत्र, जाड पुठ्ठा, छत्री, काहीही चालते. आत मऊ कापड असावे आणि बांधणी मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली असावी, नेमकी तिच्यावर नको. मग ओढणीच्या झोळीत हात छातीशी ठेवावा. पाय असेल आणि रुग्णवाहिका येणार असेल, तर फार खटाटोप करण्यापेक्षा चादरीच्या वळ्या दोन्ही बाजूंना ठेवून पाय आहे तसाच राहू द्यावा. स्वतःच हलवायची वेळ आली तर दोन पायांच्या मध्ये उशी घालून दुखरा पाय चांगल्या पायाशी बांधावा. वाकडा दिसणारा हात सरळ करू नये, निखळलेला खांदा मित्राने ‘एक झटका देऊन’ बसवू नये, आणि त्वचेतून बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. अशा उघड्या जखमेवर स्वच्छ, ओलसर गॉज ठेवून झाकावे आणि शक्य तितक्या लवकर प्रतिजैविक मिळेल असे पाहावे, कारण हाडात शिरलेला जंतुसंसर्ग वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शनही राहून जाऊ नये.

बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर बोटे तपासावीत. ती दुसऱ्या बाजूच्या बोटांइतकी उबदार आहेत का, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते का, स्पर्श कळतो का, बोटे हलतात का? बांधण्याआधी गुलाबी असलेली बोटे नंतर पांढरी पडली तर बांधणी लगेच सैल करावी. आधीपासूनच थंड आणि पांढरी असतील तर ही आणीबाणी आहे, आणि तसे १०८ वर पहिल्याच वाक्यात सांगावे. याच वेळी हातातील अंगठ्या, बांगड्या, पायातील जोडवी आणि पैंजण काढावेत. सूज चढल्यावर सोन्याची अंगठी बोटाला फासासारखी बसते. बांगड्या काढायला अनेक बायकांचे मन धजत नाही, आणि मी त्याचा अनादर करत नाही. पण काचेची बांगडी सुजलेल्या मनगटात फुटते तेव्हा दुसरी जखम होते. आपल्या हातांनी, हळूच, साबणाच्या फेसाने वेळेवर उतरवलेली बरी. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्यास चहा-पाणी आणि खाणेही टाळावे, कारण भरल्या पोटी भूल देताना उलटी फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. तहानलेल्याला पाणी नाकारणे आपल्याला निष्ठुर वाटते, पण ओठ ओले करून थांबणे त्याच्याच हिताचे असते.

या विषयात मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ती एका वेगळ्याच धोक्याबद्दल, कारण तो अपघातानंतर, घरी आल्यावर, सगळे निवांत झाल्यावर येतो. वर सांगितलेले स्नायूंचे कप्पे ताणले जात नाहीत. आत सूज आणि रक्त साचू लागले की कप्प्यातील दाब वाढतो, आणि एका मर्यादेनंतर बारीक रक्तवाहिन्याच दाबल्या जातात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. आमच्या नात्यातील एक आठ वर्षांचा मुलगा सोसायटीच्या घसरगुंडीवरून पडला, कोपराजवळ हाड मोडले, प्लास्टर झाले. रात्री तो कळवळून रडत होता आणि सगळे त्याला सांगत होते की हाड मोडले आहे, दुखणारच. त्याच्या आजीने मात्र त्याचे बोट अलगद सरळ करून पाहिले तेव्हा तो किंचाळला, आणि आजी म्हणाली, हे साधे दुखणे नाही, आत्ताच्या आत्ता चला. रात्री दोन वाजता प्लास्टर कापले गेले म्हणून त्याचा हात आज लिहितो आहे. आजीने जे केले तीच खरी परीक्षा आहे: औषध घेऊनही वाढत जाणारी, दुखापतीच्या मानाने फार जास्त वाटणारी वेदना, बोटे हळूच ताणल्यावर उठणारी असह्य कळ, दगडासारखा टणक लागणारा हात किंवा पोटरी, आणि मुंग्या. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये. ती शेवटपर्यंत लागू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, अवयव हृदयाच्या पातळीवर ठेवायचा आणि लगेच रुग्णालय गाठायचे. वेळ निघून गेल्यावर स्नायू आखडून बोटे पंज्यासारखी कायमची वाकडी होतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, आणि ती आजही पाहायला मिळते.

ती आजही दिसण्याचे एक कारण म्हणजे घट्ट बांधणी. आपल्याकडे हाड बसवणाऱ्यांकडे जाण्याची परंपरा जुनी आहे, त्यांच्या हातगुणावर लोकांचा विश्वास आहे, आणि रुग्णालयाचा खर्च हे त्यामागचे खरे कारण आहे; म्हणून मी कोणाला त्यावरून बोल लावत नाही. पण ताज्या दुखापतीवर तेल लावून चोळणे आणि मग बांबूच्या कामट्या करकचून बांधणे यात सूज वाढवण्याची आणि तिला वाव न ठेवण्याची अशी दोन्ही कामे एकाच वेळी होतात. कोपराभोवती चोळल्याने तर स्नायूंतच हाड तयार होऊन सांधा कायमचा ताठरू शकतो. मुरगळलेल्या घोट्यालाही हेच लागू आहे. पहिले दोन दिवस चोळणे आणि शेक टाळावा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पाय उशीवर वर घ्यावा. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा.

बोट तुटून पडणे हे पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला येणारे दुर्दैव आहे, आणि तेथे बर्फाबाबतची चूक फार महाग पडते. तुटलेले बोट थेट बर्फात टाकले तर ते गोठून मरते. ते स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावे, ओलसर गॉजमध्ये गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. दूध, स्पिरिट, मीठ यांत ठेवू नये. बोटात स्नायू नसल्यामुळे असे थंड ठेवलेले बोट दिवसभरानेही जोडण्याची आशा असते; मनगटाच्या वरचा हात तुटला असेल तर मात्र स्नायूंमुळे मुदत पुष्कळच कमी असते. चिरडलेले दिसले तरी ‘याचा काय उपयोग’ म्हणून फेकू नये, सोबत न्यावे. कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात गर्दीच्या लोकलमधून पडून होणाऱ्या अपघातांतही हेच करावे, मात्र तेथे आधी आवळपट्टा, मग शोध.

वृद्ध माणूस न्हाणीघरात घसरून पडला, पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो आहे, तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे आणि ‘दोन दिवस पाहू’ म्हणू नये. उंचावरून पडलेल्या माणसाच्या, मग तो दहीहंडीचा गोविंदा असो की परांचीवरचा रंगारी, हातापायाकडे पाहण्याआधी मानेचा विचार करावा; त्याला चौघांनी हातापायाला धरून उचलू नये.

महाराष्ट्रात २०१४ पासून चालणाऱ्या १०८ सेवेला किंवा ११२ ला फोन करताना जागा नेमकी सांगणे फार उपयोगी पडते. घोडबंदर रस्त्यावर ठाण्याकडे जाणारी बाजू की बोरिवलीकडे जाणारी, पुलावर की पुलाखाली. नवी मुंबईत सेक्टर कोणता, सिग्नल कोणता. जवळचे रुग्णालय नेहमीच योग्य नसते. बोटे पांढरी पडलेल्या माणसाला हाडांचे सर्जन, रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि रक्तपेढी ज्या ठिकाणी मिळेल तेथे एकदाच नेणे हे दोन ठिकाणी फिरवण्यापेक्षा बरे. म्हणून प्रत्येक सोसायटीने आणि कारखान्याने आपल्या भागातील अशा रुग्णालयांचे आपत्कालीन विभागाचे नंबर आधीच विचारून, फळ्यावर लिहून ठेवावेत असे मला आग्रहाने वाटते. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यासाठी प्रशिक्षित माणूस असण्याची तरतूद केली होती. पेटी बहुतेक ठिकाणी भिंतीवर दिसते, किल्ली कोणाकडे आहे हे मात्र विचारावे लागते. पोलिसांच्या भानगडीची भीती बाळगून बाजूला राहणाऱ्यांसाठी हे सांगितले पाहिजे की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात घातलेले कलम १३४अ रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देते, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीला आधी उपचार देणे हे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात, आणि जाणे शक्य नसेल तर त्या चिठ्ठीवर लिहून जखमीच्या खिशात ठेवाव्यात: अपघात किती वाजता झाला, अंदाजे किती रक्त गेले, आवळपट्टा बांधला असल्यास किती वाजता, आणि बोटे पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती उबदार होती की थंड.